बातमी चर्चवरच्या हल्ल्याची, हेडिंग धर्मांतराचं

मराठी दैनिकांचे आणि न्यूज चॅनेलांचे संपादक, डेस्कवरची मंडळी आणि तालुक्यातालुक्यातले वार्ताहर मित्र यांना,

सलाम. नगरच्या ख्रिस्ती घरांमध्ये एकमेकांना असंच म्हणतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. (नगर म्हणजे आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं, सांभाळून घ्या.)

आधी ओळख देतो. मी पाळक नाही, कुठल्या संघटनेचा पदाधिकारी नाही, इलेक्शनला उभा राहणार नाही. एका जिल्हा दैनिकात अकरा वर्षं पानं लावली, म्हणजे मी तुमच्यातलाच. जाहिरात आली की कुठली बातमी पहिली उडते, कुठलं हेडिंग दोन कॉलमात बसत नाही म्हणून त्यातला नेमका महत्त्वाचा शब्द जातो, हे सगळं या हातांनी केलंय. त्यामुळे 'मीडिया विकला गेलाय' वगैरे मी बोलणार नाही. ते बोलणं सोपं असतं आणि बोलणाऱ्याने सहसा रात्री साडेअकराला पान सोडलेलं नसतं.

तर २५ ऑगस्ट २००८ ची रात्र. दोन दिवस आधी, ऐन जन्माष्टमीला, ओडिशातल्या कंधमाल जिल्ह्यात जलेसपटाच्या आश्रमात विश्व हिंदू परिषदेचे नेते स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्यासोबतच्या चौघांना मारलं होतं. पुढे माओवाद्यांनी जबाबदारी घेतली, पण तोवर सगळा राग तिथल्या ख्रिश्चनांवर निघायला लागला होता, गावंच्या गावं जळत होती, लोक पोरंबाळं घेऊन जंगलात पळत होते. हे आता माहितीये. त्या रात्री माझ्यासमोर होती एजन्सीची पंधरा ओळींची कॉपी, पान सात, आणि पानावर दहीहंडीचे उरलेले फोटो, आदल्याच दिवशी संपलेल्या ऑलिम्पिकचा गोषवारा, आणि ऐन वेळी आलेली एका पतसंस्थेची दोन कॉलमी जाहिरात. जागा कुठून तरी काढायची होती, मी काढली. पंधराच्या चार ओळी केल्या. ओरिसात (तेव्हा ओरिसाच म्हणायचे) तणाव, काही चर्चेसवर हल्ले, संचारबंदी, परिस्थिती नियंत्रणात.

'परिस्थिती नियंत्रणात' हे मूळ कॉपीत होतं की नाही मला आठवत नाही. बहुतेक नव्हतं. हाताला सवय असते.

सकाळी घरी गेलो तर पप्पा पेपर घेऊन ओसरीवर बसलेले. पप्पा म्हणजे निवृत्त शाळामास्तर, हातात भिंग, पेपर शेवटच्या पानापासून वाचायची सवय. म्हणाले, "अरे, तिकडच्या आपल्या लोकांचं काही आलंय का?" मी म्हटलं, पान सातला बघा. त्यांनी त्या चार ओळी वाचल्या, परत वाचल्या, मग आत जाऊन कात्री आणली. ती बातमी कोणी कापली ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पप्पांची एक वही होती. फुलस्केप, दोनशे पानी, कडेला कापडी पट्टी. पानाच्या वरच्या बाजूला डिंकाने कात्रण चिकटवायचे, लाल पेनाने तारीख टाकायचे आणि खालचं अर्धं पान कोरं सोडायचे. त्या कोऱ्या जागेच्या वर बारीक अक्षरात लिहायचे, 'पुढे?' म्हणजे कोण पकडलं गेलं, कोर्टात काय झालं, घरं परत बांधली का, ते छापून आलं की तिथं चिकटवायचं. शाळामास्तरचा हिशेब, गृहपाठ दिलाय तर तपासणार. वही आता माझ्याकडे आहे. जवळजवळ सगळी खालची अर्धी पानं कोरी आहेत. या पत्राचं कारण ते कोरे अर्धे कागद.

वहीची सुरुवात गुजरातच्या डांगपासून होते. डांग काही परदेश नाही. निम्मं नाशिक शनिवार-रविवारी सापुताऱ्याला जातं, वणी मागे टाकली, थोडं पुढे गेलं की आलंच. १९९८ च्या नाताळाच्या दिवसापासून पुढचे आठ-दहा दिवस तिथं आदिवासी पाड्यांमधली चर्चेस आणि प्रार्थनेच्या झोपड्या मोडल्या, जाळल्या गेल्या. वहीत सुरुवातीची तीन-चार कात्रणं त्याचीच आहेत, जळलेली लाकडं, वाकलेले पत्रे. मग १० जानेवारी १९९९ ला पंतप्रधान वाजपेयी तिथं गेले आणि म्हणाले की धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हायला हवी. वही इथून बदलते. पुढची कात्रणं आकाराने मोठी आहेत, अग्रलेख आहेत, वाचकांची पत्रं आहेत, तज्ज्ञांच्या मुलाखती आहेत, पण सगळ्यांचा विषय धर्मांतर! पत्रे कोणी वाकवले हा प्रश्न त्या दिवसानंतर वहीतल्या एकाही कात्रणात नाही. मी मुद्दाम परत परत उलटून पाहिलं.

आणि ती चर्चा तेरा दिवसही चालली नाही तोच २२-२३ जानेवारीच्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप दहा वर्षांचा आणि टिमोथी सहा वर्षांचा, स्टेशन वॅगनमध्ये झोपलेले असताना जिवंत जाळले गेले. हा माणूस बारीपद्याला वर्षानुवर्षं कुष्ठरोग्यांचं काम करत होता. आपल्याकडे कुष्ठरोग्यांची सेवा म्हटलं की आनंदवन डोळ्यासमोर येतं आणि मान आपोआप खाली जाते. स्टेन्सच्या बाबतीत पहिला प्रश्न आला, पण तो तिथं नक्की काय करत होता?

स्टेन्स केसचं पुढचं मात्र छापून आलं, हे प्रामाणिकपणे सांगतो, वहीतलं ते एकच पान खालपर्यंत भरलंय. मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी, मग हायकोर्टात जन्मठेप, मग २०११ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. त्या निकालपत्रात एक वाक्य असं आलं होतं की खून करण्यामागे स्टेन्स यांना त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल धडा शिकवायचा हेतू होता, आणि सोबत धर्मांतराबद्दलही दोन शब्द होते. त्यावर संपादकांनी, पत्रकारांनी, इतर लोकांनी जाहीर आक्षेप घेतला आणि कोर्टाने चारच दिवसांत ती वाक्यं स्वतःहून काढून टाकली. बघा, शब्दाला वजन असतं हे तुम्हाला माहितीये. सुप्रीम कोर्टाचा शब्द तुम्ही लोकांनी बदलायला लावला होता. मग आपल्याच डेस्कवरचे शब्द का बदलत नाहीत, माझा प्रश्न एवढाच आहे.

आता शब्दांकडे येतो, कारण माझा धंदा तोच होता.

'धर्मांतराच्या संशयावरून प्रार्थनासभा उधळली.' हे हेडिंग तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी लावलंय, मीही लावलंय. यात उधळणारा कुठंय? नाहीच. संशय आहे, सभा आहे, आणि उधळणं असं झालंय जसं वावटळीने मांडव उडावा. बरं, बातमीच्या आत गेलं की तिथं 'संतप्त ग्रामस्थ' असतात. हा संतप्त शब्द फार उपयोगाचा आहे, तो हात उचलणाऱ्याला आधीच कारण देऊन टाकतो. कधी 'संतप्त चोरट्यांनी सराफाचं दुकान फोडलं' असं वाचलंय? आणि तिसऱ्या परिच्छेदात हमखास येतं की पोलिसांनी पाळकाला चौकशीसाठी ताब्यात घेतलं. म्हणजे मार खाल्लेला माणूस बातमी संपेपर्यंत आरोपी झालेला असतो आणि मारणारा अजून ग्रामस्थच असतो, संतप्त.

किंवा 'वादग्रस्त' घ्या. २०२५ च्या जूनमध्ये सांगलीत एका गर्भवती तरुणीने जीव दिला, सासरचे ख्रिस्ती धर्म पाळायला लावत होते असा आरोप झाला. याची कसून चौकशी व्हायला हवी, दोषी असतील त्यांना शिक्षा हवी, यात कुठल्याच ख्रिस्ती माणसाचं दुमत असायचं कारण नाही. पण त्या निमित्ताने झालेल्या सभेत एका आमदाराने पाळकांना मारहाण करणाऱ्यांना बक्षिसं जाहीर केली, रक्कम ११ लाखांपर्यंत. आणि टीव्हीवर खाली पट्टी काय चालू होती, तर आमदारांचं वादग्रस्त वक्तव्य. वाद कशात आहे यात? पोहे कांद्याचे चांगले की बटाट्याचे हा वाद. माणसाच्या अंगावर पैसे लावणं हा भारतात गुन्हा असतो आणि गुन्ह्याला मराठीत गुन्हा म्हणायची सोय आहे. मग जुलैमध्ये मुंबईत आझाद मैदानावर हजारो ख्रिस्ती लोक जमले, पावसात, तेव्हा त्या गर्दीतल्या माझ्या मामेबहिणीने मला फोन करून विचारलं, टीव्हीवर दाखवतायत का रे? मी चार चॅनेल फिरवले. तिला म्हटलं, अजून दिसलं नाही, दाखवतील. संध्याकाळी एका ठिकाणी दिसलं, आणि तेही ट्रॅफिकच्या बातमीत.

याच्या बरोब्बर उलटी गंमत २०२३ च्या ऑगस्टची. १६ ऑगस्टला पाकिस्तानात फैसलाबादजवळ जरांवाला शहरात कुराणाचा अपमान झाल्याच्या आरोपावरून जमावाने वीसहून जास्त चर्चेस आणि कित्येक ख्रिस्ती घरं पेटवली. भयंकर प्रकार होता. आमच्या घरी टीव्हीवर तो व्यवस्थित दिसला, वाकलेला क्रॉस, रस्त्यावर फेकलेलं सामान, आणि अँकरच्या आवाजात खरा संताप. जमावाला जमाव म्हटलं, धर्मांधाला धर्मांध म्हटलं, पीडिताला पीडित म्हटलं. मी बायकोला म्हटलं पण, बघ, येतं की यांना सगळं. तिथल्या ख्रिश्चनांनी कुठलं धर्मांतर केलं होतं का, आपली लोकसंख्या वाढवत होते का, असले प्रश्न कोणाला सुचलेच नाहीत. सरहद्दीच्या पलीकडे आमचे लोक लगेच माणसं होतात, अलीकडे आले की विषय होतात.

कारण त्याच ऑगस्टमध्ये मणिपूर जळत होतं. ३ मे पासून. आता मणिपूरची भानगड निव्वळ धर्माची नाही, हे मला नीट कळतं आणि आमच्या लोकांनाही मी हे सांगून थकलो. कुकी-झो बहुतांश ख्रिस्ती, मैतेई बहुतांश हिंदू, पण भांडण जमिनीचं, आरक्षणाचं, डोंगर आणि खोऱ्याचं. मंदिरंही जळाली तिथं. पण मग एक गोष्ट सांगा, मैतेई ख्रिश्चनांची चर्चेस कोणी आणि का जाळली? इम्फाळच्या आर्चबिशपांनी त्याच जूनमध्ये सांगितलं होतं की पहिल्या छत्तीस तासांत मैतेई ख्रिश्चनांची २४९ चर्चेस गेली. भांडण फक्त जमातींचं असेल तर आपल्याच जमातीचं चर्च कोण कशाला जाळेल? हा बातमीदाराचा प्रश्न आहे. याच्यावर एक चांगली, पाच कॉलमी, तिथं जाऊन केलेली स्टोरी मराठीत माझ्या तरी वाचण्यात आली नाही.

आणि ४ मे ला ज्या बायकांची विवस्त्र धिंड काढली, त्याची तक्रार १८ मे ला पोलिसात नोंदली गेली होती. नोंदलेली! कागद ठाण्यात पडून होता. व्हिडिओ बाहेर आला १९ जुलैला आणि मग सगळा देश एका दिवसात हादरला. इंटरनेट बंद होतं हे खरंय, पण इंटरनेट यायच्या आधीही पेपर निघत होतेच की. एफआयआर वाचायला नेट लागत नाही, ठाण्यात ओळखीचा हवालदार लागतो.

एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेचे तीन पत्रकार त्या ऑगस्टमध्ये तिथं गेले, स्थानिक मीडियाने कसं एकतर्फी छापलं यावर सप्टेंबरमध्ये रिपोर्ट दिला. त्यात एका फोटोची कॅप्शन चुकली होती, जळणारं घर म्हणून छापलं ते वनखात्याचं ऑफिस निघालं. त्यांनी चूक मान्य केली, दुरुस्ती केली. तरी त्यांच्यावर एफआयआर झाला आणि अटक टाळायला सुप्रीम कोर्टात जावं लागलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्यातल्या ज्याला लिहायचंय त्याची काय अडचण होते हे मला दिसतं. मालक, जाहिरात, फोन, ट्रोल. तालुक्याच्या वार्ताहराला तर त्याच गावात राहायचं असतं, ज्या पोरांनी सभा मोडली त्यांच्याच शेजारी त्याचं मोबाइलचं दुकान असतं. मी त्याला शूर व्हायला सांगत नाही. पण डेस्कवर बसून 'संतप्त' हा शब्द खोडायला शौर्य लागत नाही, एक बटण लागतं.

आता आमच्या बाजूचं पण बोलतो, नाहीतर म्हणाल याला आपलंच तेवढं दिसतं.

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर दर वर्षा-दोन वर्षांनी एक मेसेज येतो, बौद्ध अतिरेक्यांनी भारतात काल रात्री वीस चर्चेस जाळली, आज रात्री ओलिसाबंग प्रांतातली दोनशे जाळणार आहेत, दोनशे मिशनऱ्यांना चोवीस तासांत मारणार आहेत, प्रार्थना करा आणि पुढे पाठवा. हा मेसेज गेली पंधरा वर्षं जगभर फिरतोय. ओलिसाबंग नावाचा प्रांत भारतात नाही, पृथ्वीवर कुठेच नाही, बहुधा ओरिसाचा कोणीतरी चेंदामेंदा केला. मी प्रत्येक वेळी लिहितो की काका, हे खोटं आहे. काका म्हणतात, प्रार्थना केली तर काय बिघडलं? बिघडतं काका! उद्या खरंच चर्च जळालं की हाच मेसेज आठवून बातमीदार म्हणणार, यांचं नेहमीचंच.

२०१५ मध्ये पश्चिम बंगालात राणाघाटला वृद्ध ननवर बलात्कार झाला. आमच्याकडे लगेच मेणबत्त्या निघाल्या आणि टीव्हीवर लगेच धार्मिक हल्ला असं चालू झालं. तपासात निघाले दरोडेखोर, बांगलादेशातून आलेले. गुन्हा तेवढाच भयानक, पण कारण वेगळं. म्हणजे घाई तुमचीही आणि आमचीही. आणि चंगाई सभावाले आमच्यात आहेत, कॅन्सर बरा करतो, व्हीलचेअर फेकून द्या म्हणणारे. त्यांच्यावर जादूटोणाविरोधी कायदा लावा, पहिल्या पानावर छापा, मी स्वतः तुम्हाला फोन नंबर देतो. फक्त ती बातमी तिच्या दिवशी छापा. कुठेतरी पाळकाचं डोकं फुटलं त्या दिवशी शेजारच्या चौकटीत 'चंगाईच्या नावाखाली धर्मांतराचा धंदा' लावू नका, कारण वाचक दोन्ही एकत्र वाचतो आणि तुम्हाला ते चांगलं माहीत असतं. चौकट कशासाठी लावतात ते पानं लावणाऱ्याला तरी शिकवू नका.

शेजारच्या छत्तीसगडचं तर आपल्याला काही सोयरसुतकच नाही. नारायणपूर जिल्हा आपल्या गडचिरोलीला लागून आहे, मध्ये अबूझमाडचं जंगल तेवढं. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या आणि कोंडागावच्या गावांमधून शेकडो आदिवासी ख्रिश्चनांना हाकलून दिलं, ऐन थंडीत नाताळ त्यांनी नारायणपूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये काढला, २ जानेवारीला शहरातल्या चर्चची मोडतोड झाली आणि समजावायला गेलेल्या पोलीस अधीक्षकाचंच डोकं फुटलं. नक्षलवाद्यांनी तिथं एक बॅनर लावला तरी गडचिरोलीच्या पानावर बातमी असते.

२५ जुलै २०२५ ला दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन आणि एक आदिवासी तरुण पकडले गेले. बजरंग दलाच्या लोकांनी आरडाओरडा केला, मानवी तस्करी आणि धर्मांतराचा गुन्हा लागला. सोबतच्या तीन तरुणी नारायणपूरच्या, आग्र्याला कामाला निघालेल्या, सज्ञान, घरच्यांना माहीत असलेल्या, आणि घरचे म्हणत होते की आम्ही आधीपासूनच ख्रिस्ती आहोत. २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए कोर्टाने जामीन दिला. नऊ दिवस. या नऊ दिवसांत मल्याळम चॅनेलची माणसं कोचीहून दुर्गला येऊन बसली होती. नागपूरहून दुर्ग गाडीने चार-पाच तास, गोंदियाहून तर दोन. आपल्याकडे काय आलं? एजन्सीचीच कॉपी, आणि 'धर्मांतर रॅकेट' हे शब्द पहिल्या दिवशी कोटात, दुसऱ्या दिवशी कोट गायब. अवतरणचिन्हं कशी गळतात हे मला माहितीये, हेडिंगला जागा कमी पडते. पण त्या दोन चिन्हांच्या जागेत दोन बायकांची अब्रू असते.

आणि एक केस सांगतो, तीही छत्तीसगडचीच, बस्तरमधली. छिंदवाडा नावाच्या गावात (मध्य प्रदेशातलं नव्हे) एक वृद्ध पाळक ७ जानेवारी २०२५ ला वारले. मुलाला बापाला गावच्या स्मशानभूमीत पुरायचं होतं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे आजोबा तिथंच पुरलेले होते. गावातल्या लोकांनी विरोध केला. मुलगा म्हणाला, बरं, मग माझ्या स्वतःच्या जमिनीत पुरतो. तेही नाही. हायकोर्टात गेला, तिथं नाही मिळालं, सुप्रीम कोर्टात गेला. बापाचं प्रेत शवागारात. २७ जानेवारीला निकाल आला तोही दोन न्यायाधीशांचा वेगवेगळा. न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या खासगी जमिनीत पुरू द्या, न्यायमूर्ती शर्मा म्हणाले नेमून दिलेल्या दफनभूमीतच. प्रेत आणखी किती दिवस ठेवणार म्हणून शेवटी दोघांनी मिळून आदेश दिला की वीस-पंचवीस किलोमीटरवर करकापालला ख्रिश्चनांची जागा आहे तिथं न्या. वीस दिवस, संपादक साहेब. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर घरची माणसं कासावीस होतात. म्हणजे मेलेल्या माणसाला वेळेवर निरोप देणं काय असतं हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही, त्याला नुसतं कळवावं लागतं. वहीत ही बातमी नाही. पप्पा तोवर गेले होते आणि मी शोधली तेव्हा आमच्या घरी येणाऱ्या पेपरात मला ती सापडली नाही, मोबाइलवर इंग्रजीत वाचली.

आकडे हवे असतील तर युनायटेड ख्रिश्चन फोरम नावाची संघटना आपल्या हेल्पलाइनवर आलेल्या फोनवरून हल्ले आणि त्रासाच्या घटना मोजते. २०१४ ला १२७, २०२४ ला ८३४. आता हा आकडा त्यांचा आहे, सरकारी नाही, आणि हेल्पलाइन जास्त लोकांना माहीत झाली की फोनही जास्त येणार, हेही खरं. म्हणून डोळे झाकून छापा असं म्हणत नाही. त्यातल्या दहा घटना उचला, तुमची माणसं पाठवा, दहातल्या चार फुसक्या निघाल्या तर तसं छापा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आम्ही देशात २.३ टक्के आणि महाराष्ट्रात तर एक टक्कासुद्धा नाही, जेमतेम पावणेअकरा लाख. एवढ्याशा लोकांकडून तुमचा टीआरपी वर जाणार नाही की खाली येणार नाही, म्हणजे खरं तर निवांत खरं लिहायला यापेक्षा सोपा विषय नाही.

नाताळ आला की मात्र तुम्ही येता. बांद्र्याचं चर्च, केक, लाल टोपी घातलेलं गोड बाळ. चांगलंय, या. पण आमच्या नगरकडे नाताळला केकपेक्षा करंज्या आणि शेव जास्त असते, डबे भरभरून शेजारी वाटतो, आणि उपासनेत टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणतो. नारायण वामन टिळक आमचेच आणि तुमचेही. १८४२ ला नगरातून 'ज्ञानोदय' सुरू झाला, दर्पणनंतर अवघ्या दहा वर्षांनी. तुम्ही ६ जानेवारीला पत्रकार दिन करता, त्या घराण्यात आम्ही फार जुने भाडेकरू आहोत हो. फादर दिब्रिटो २०२० ला धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हासुद्धा अर्धी बातमी त्यांच्या साहित्याची आणि अर्धी त्यांना विरोध करणाऱ्यांची होती. ते २०२४ ला गेले तेव्हा मृत्युलेख मात्र तुम्ही सुंदर लिहिलेत, खरंच सुंदर. मेल्यावर आम्ही फार चांगले असतो.

तर मागणं काय. कोणी मारलं ते कर्ता म्हणून वाक्यात येऊ द्या. बातमी करताना पोलीस आणि संघटनेच्या नेत्याला फोन करता तसा एक फोन ज्याचं डोकं फुटलं त्यालाही करा, बहुतेक वेळा तो घरीच असतो, त्याला तुमच्या फोनची सवय नसल्यामुळे घाबरेल, जरा हळू बोला. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने, परत विचारा त्या केसचं काय झालं. उत्तर प्रदेशात फतेहपूरला २०२२ च्या एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये जमलेल्या लोकांवर सामूहिक धर्मांतराचे गुन्हे नोंदले गेले. सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्या प्रकरणातले एफआयआर रद्द केले. साडेतीन वर्षं. एफआयआर झाला तेव्हा जेवढ्या पॉइंटात हेडिंग होतं तेवढ्याच पॉइंटात रद्द झाल्याचं हेडिंग लावायचं, एवढा साधा नियम केलात तरी पुष्कळ होईल.

कंधमालच्या पानाखालचं 'पुढे?' मी स्वतःच भरायला घेतलंय. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टापुढे आलेला हिशेब असा होता: गुन्हे नोंदले ८२७, त्यातले ३१५ पोलिसांनी तिथंच मिटवले, खटले चालून निकाल लागले ३६२ आणि त्यातल्या फक्त ७८ मध्ये शिक्षा झाली. कोर्ट म्हणालं, मिटवलेले परत तपासा. आणि स्वामींच्या खुनासाठी ज्या सात गरीब ख्रिस्ती माणसांना जन्मठेप झाली, ते दहा-दहा वर्षं आत राहून २०१९ ला जामिनावर सुटले. एवढं मी प्रिंट काढून त्या चार ओळींच्या खाली चिकटवलं. पप्पांची डिंकाची बाटली पार वाळून खडा झाली होती, गरम पाण्यात ठेवून बघितलं, नाही निघाला, शेवटी चौकातल्या दुकानातून फेविकॉल आणला.

तरी त्या पानावर चार बोटं जागा शिल्लक आहे, आणि बाकीची पानं तर आहेतच. तुमच्याकडे त्यातल्या कुठल्याही तारखेचं पुढचं काही छापून आलेलं असेल, अगदी सिंगल कॉलम, अगदी पान सातला असेल, तर कृपया पाठवा.

आपला,
पूर्वी पान सातवर बसणारा एक वाचक, नगर